डायलिसिस चालू आहे, ताठरतेसाठी सिल्डेनाफिल घेतलेली चालेल का?

मिस्टर ४६ वर्षांचे, आठवड्यातून दोनदा हिमोडायलिसिस. इच्छा होते, पण ताठरता टिकत नाही. चालू गोळ्या: मेटोप्रोलॉल, प्राझोसिन, ॲम्लोडिपिन, मळमळीला मेटोक्लोप्रामाइड. मेडिकलवाला सिल्डेनाफिल ५० देतो म्हणतोय. देऊ का?

प्रतिसाद १
ताई, ५० ची नको. किडनी निकामी असताना सुरुवात २५ मिग्रॅने करतात. औषध अंगात जास्त वेळ राहतं आणि डायलिसिसमध्ये धुऊन निघत नाही; डोस जास्त झाला तर मशीनचा उपयोग नाही.

तुमच्या यादीत खरी अडचण प्राझोसिनची. दोन्ही गोळ्यांनी रक्तवाहिन्या सैलावतात, उठून उभं राहताच बीपी धाडकन पडतं. दोन्हींत किती अंतर ठेवायचं ते नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) विचारूनच ठरवा. डायलिसिसच्या दिवशी तर नाहीच, कारण पाणी काढल्यावर बीपी आधीच उतरलेलं असतं. आणि हृदयासाठी आयसोसॉर्बाइड, निकोरँडिल किंवा जिभेखालची गोळी असेल तर सिल्डेनाफिलचं नावच काढू नका, जिवावर बेतू शकतं.

प्रतिसाद २
गोळीच्या आधी कारण बघा. मेटोक्लोप्रामाइडने प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढतं, किडनीच्या आजारात ते मुळातच वाढलेलं असतं. त्याने टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) दबतं. मळमळीची गोळी बदलून मागता येते. मेटोप्रोलॉलनेही काहींना हा त्रास होतो, पण ती एकदम तोडायची नाही, हृदयावर येतं.

तपासण्या: सकाळी १० च्या आत टेस्टोस्टेरॉन (कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा), प्रोलॅक्टिन, हिमोग्लोबिन, पीटीएच (पॅराथायरॉइड हार्मोन). शुगर (मधुमेह) असेल तर नसांचा भाग वेगळा. आठवड्यातून दोनदा डायलिसिस पुरतंय का, हेही विचारा. रक्त कमी आणि अंगात विष साठलेलं असताना नुसत्या गोळीने फार फरक पडत नाही.

धागाकर्ती
धन्यवाद. डॉक्टरांसमोर हे बोलायला ते तयार नाहीत. शिलाजित चालेल का? आणि संबंधाच्या वेळी फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिनीच्या) हाताचं काय?

प्रतिसाद १
शिलाजित, भस्मं नकोच. त्यात जड धातू असू शकतात आणि 'पॉवर'च्या पुड्यांमध्ये सिल्डेनाफिल गुपचूप मिसळलेलं सापडतं, म्हणजे डोस किती गेला ते कळतच नाही. फिस्टुलाच्या हातावर भार नको, तो अंगाखालीही दबू देऊ नका.

बोलायची लाज वाटत असेल तर 'ताठरता टिकत नाही, गोळ्या बदलता येतील का' एवढं चिठ्ठीवर लिहून फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. डॉक्टरांना यात नवीन काही नाही, डायलिसिसवरच्या निम्म्याहून जास्त पुरुषांना हा त्रास असतो.