संदर्भ, संदर्भसूची, ग्रंथसूची : प्रबंधात कोणता शब्द कुठे?

प्रश्न :
पुण्यात एम.ए. करते आहे, विषय इतिहास. लघुप्रबंधाच्या प्रत्येक प्रकरणाखाली 'संदर्भ' आणि अगदी शेवटी 'संदर्भग्रंथसूची' असं टायपिंगवाल्या काकांच्या ठरलेल्या साच्यात आहे. मैत्रिणीने त्याच जागी 'ग्रंथसूची' लिहिलंय. या शब्दांत खरंच फरक आहे का? 'तत्रैव' आणि 'पूर्वोक्त' कधी लिहायचं? आणि 'उधृत' की 'उद्धृत'? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद :
फरक आहे आणि तो पाळायला हवा.

'संदर्भ' या एका शब्दावर आपण फार ओझं टाकलंय. 'या संदर्भात' म्हणताना तो अनुषंग असतो. ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात गेलात की तो घरी न मिळणारा कोश असतो. आणि 'रेफरन्स टाकलास का?' असं सर विचारतात तेव्हा तो आधाराची नोंद असतो. संस्कृतात संदर्भ म्हणजे गुंफण, एकत्र ओवलेलं. प्रबंधाला हाच अर्थ सगळ्यात जास्त लागू पडतो असं माझं ठाम मत आहे. विधान आणि त्याचा आधार एकमेकांत ओवलेले हवेत. शेवटी पन्नास पुस्तकांची यादी जोडली आणि आत एकाही विधानावर टिपेचा आकडा नसला, तर यादी झाली, संदर्भ झाले नाहीत.

प्रकरणाखाली येतात त्या संदर्भटिपा. पानाच्या तळाशी आल्या तर तळटिपा. शेवटी येते ती संदर्भसूची, म्हणजे लेखनात प्रत्यक्ष वापरलेल्या साधनांची यादी. ग्रंथसूची त्याहून मोठी. एखाद्या विषयावर काय काय लिहिलं गेलंय याची ती नोंद, त्यातलं सगळं तुम्ही वापरलेलं असेलच असं नाही. तुमच्या यादीत 'केसरी'चे जुने अंक, दप्तरातले कागद, मुलाखती असणार; त्यांना 'ग्रंथ' कसं म्हणायचं? म्हणून नुसतं 'संदर्भसूची' लिहा आणि आत अप्रकाशित साधने, प्रकाशित साधने, वृत्तपत्रे असे भाग पाडा.

'तत्रैव' म्हणजे 'तिथेच'. लगतच्या वरच्या टिपेत तेच साधन असेल तरच. जुन्या पुस्तकांत याच जागी 'कित्ता' दिसतो. मध्ये दुसरं साधन येऊन गेलं असेल तर लेखकाचं आडनाव आणि 'पूर्वोक्त', म्हणजे 'आधी सांगितलेलं'. यातली खरी अडचण संगणकावर कळते. मार्गदर्शकांनी सांगितलं म्हणून टीप १२ आणि १३ च्या मध्ये नवी टीप घातली की आकडे आपोआप सरकतात, पण 'तत्रैव' मात्र भलत्याच पुस्तकाला जाऊन चिकटतं. म्हणून कच्च्या खर्ड्यात प्रत्येक टिपेत आडनाव आणि पुस्तकाचं छोटं नाव लिहीत जा. 'तत्रैव' अगदी शेवटचा हात फिरवताना घाला.

आता 'उद्धृत'. उधृत नाही, उध्दृतही नाही. द ला ध जोडायचा, खाली ऋकार. अर्थ : वर काढलेलं, उपसून घेतलेलं. हिंदीत याच कुळातला 'उद्धरण' शब्द चालतो, आपण 'अवतरण' किंवा 'उतारा' म्हणतो. सात-बाराचा उतारा तलाठ्याच्या दप्तराबरहुकूम असावा लागतो, तसाच ग्रंथातला उतारा मूळ शुद्धलेखनासकट. मूळ लेखकाने जुने अनुस्वार दिले असतील तर ते काढायचे नाहीत. मधला मजकूर गाळला तर तीन टिंबं, आणि आपला शब्द घातला तर तो चौकटी कंसात.

'उद्धृत' शब्दाची सगळ्यात जास्त गरज मात्र दुसरीकडेच आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी छापलेलं एखादं जुनं पत्र तुम्ही कुणाच्या तरी अलीकडच्या पुस्तकात वाचलंत आणि टिपेत थेट राजवाड्यांचा खंड दिलात, तर तुम्ही न पाहिलेल्या कागदाची साक्ष देताय. मधल्या लेखकाने आकडा चुकवला असेल, तर ती चूक आता तुमच्या नावावर चढली. तिथे 'अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत, पृ. अमुक' असंच लिहावं. अनेक विद्यार्थ्यांना यात कमीपणा वाटतो. अजिबात वाटू नये. आणि तुम्ही पुण्यात आहात. भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत आहे. एक दुपार काढा आणि मूळ खंड उघडून बघा.

आणखी एक प्रतिसाद :
वरच्याशी सहमत, थोडी भर. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ चा. या खंडांत प्रत्येक पत्राला लेखांक आहे. तेव्हा खंड आणि लेखांक द्याच, नुसत्या पानावर थांबू नका. पुनर्मुद्रणात पान बदलतं, लेखांक बदलत नाही. पुणे पुराभिलेखागारातल्या पेशवे दप्तरासाठी रुमालाचा, म्हणजे कागद बांधून ठेवलेल्या गाठोड्याचा, क्रमांक हवाच. नुसतं 'पेशवे दप्तर' लिहिलं, तर हजारो रुमालांतून तो कागद पुन्हा कोण शोधणार?

जुन्या पुस्तकांवर शके असतं. ७८ मिळवले की इसवी सन येतं, पण वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत, साधारण जानेवारीपासून पाडव्यापर्यंत, ७९ मिळवावे लागतात. महिना कळत नसेल तर छापलेलं शकेच लिहावं. आणि 'आवृत्ती' व 'पुनर्मुद्रण' एक मानू नका. आवृत्तीत मजकूर बदललेला असू शकतो. शीर्षकपानाच्या मागची बाजू पाहून, हातात जी प्रत आहे तिचंच साल द्या.

मूळ प्रश्नकर्ती :
मनापासून आभार. सगळ्या टिपा आता परत तपासते. एक उपप्रश्न. आमच्याकडे सगळे म्हणतात, 'दहा टक्क्यांपर्यंत कॉपी चालते.' मग तेवढ्या भागाला संदर्भ नाही दिला तर?

प्रतिसाद :
हा समज कृपया मनातून काढा. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत. त्यांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला, म्हणजे सॉफ्टवेअरला दुसऱ्या लेखनाशी जुळणाऱ्या आढळलेल्या मजकुराला, दंड नाही, हे खरं. पण ती मोजणी साम्याची आहे, उचलेगिरीची परवानगी नव्हे. आधार देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळतात. सर्वसामान्य माहितीचे किंवा योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही वगळतात. म्हणजे नीट संदर्भ देणाऱ्याला टक्क्यांची भीती बाळगायचं कारणच नाही. १० ते ४० टक्के साम्य निघालं तर प्रबंध सुधारून सहा महिन्यांच्या आत परत द्यावा लागतो, ४० ते ६० मध्ये एक वर्ष सुधारित प्रबंधही देता येत नाही, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. शिवाय शब्द बदलून दुसऱ्याचा विचार मांडला तर सॉफ्टवेअरला कदाचित कळणारही नाही, पण विचार त्याचाच राहतो. अवतरणचिन्ह लागणार नाही, टीप लागेलच.

मूळ प्रश्नकर्ती :
आणि मुलाखत? एका आजींकडून जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्यात.

प्रतिसाद :
त्यांची परवानगी असेल तर पूर्ण नाव, गाव, मुलाखतीची तारीख, आणि ध्वनिमुद्रण आहे की हाताने टिपून घेतलंय तेही. ओवी छापताना त्यांचा उच्चार आहे तसाच ठेवा, प्रमाण मराठीत आणू नका. परवानगी नसेल तर नाव गाळून 'निवेदक', गाव आणि साल. सूचीत 'मुलाखती' असा वेगळा भाग करा आणि तो 'अप्रकाशित साधने' या मथळ्याखाली ठेवा.