मदत हवी आहे: चेष्टा कुठे संपते आणि तक्रार कुठे करावी?

नमस्कार. इंग्लंडमध्ये हंगामी तिकीट काढून आम्ही फुटबॉल पाहतो. गोलरक्षकाच्या पोटावरून किंवा पंचांच्या नजरेवरून टोमणे मारले जातात, त्याला हरकत नाही. त्याशिवाय सामन्याला रंगत कसली! मात्र अलीकडे मागच्या रांगेतला एक गट, कोरियन खेळाडूकडे चेंडू गेला की त्याच्या डोळ्यांवरून ओरडतो आणि हटकल्यास ‘गंमत हो’ म्हणून हात झटकतो. १९९१ च्या कायद्याने मैदानातील वर्णद्वेषी घोषणा गुन्हा ठरवल्या असून १९९९ च्या दुरुस्तीनंतर एकट्याने दिलेली घोषणाही त्यात येते. स्ट्युअर्डकडे (मैदानातील व्यवस्था पाहणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) किंवा फुटबॉलमधील भेदभावाविरुद्ध काम करणाऱ्या ‘किक इट आउट’ या संस्थेकडे कोणी तक्रार केली आहे का? आसन क्रमांक आणि वेळ पुरते, की ध्वनिमुद्रण लागते? तक्रारदाराचे नाव गुप्त राहते का? जागा वर्षभर त्यांच्याच पुढे आहे, म्हणून विचारतो.