९ व्होल्टवरचा गिटार प्रीअँप : आवाज फाटतोय, कोणी सांगेल का?

ए-३०२ : नमस्कार. गिटारसाठी छोटा प्रीअँप (बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) जोडलाय. टीएल०७२ आयसी (एका चिपमध्ये दोन अँप), ९ व्होल्टची एकच बॅटरी, गेन ११, म्हणजे सिग्नल ११ पट (१०के आणि १के रेझिस्टर; के म्हणजे हजार ओहम). पिकअपची (तारांचं कंपन टिपणारी कॉइल) वायर थेट आयसीच्या पिन ३ वर, म्हणजे इनपुटला. हळू वाजवलं तरी आवाज फाटतो. आयसी बदलून पाहिला, तेच. ग्रुपवर इलेक्ट्रॉनिक्सवालं कोणी आहे का?

सी-५०४ : आयसीला दोष देऊ नकोस बाळा, तो ठीक आहे. पिकअपचा सिग्नल शून्याच्या वरखाली हलतो आणि तुझ्या सर्किटमध्ये शून्याच्या खाली व्होल्टेजच नाही. खालचा अर्धा भाग आयसीने दाखवायचा कुठे? त्यात टीएल०७२ चं इनपुट ग्राउंडच्या जवळ गेलं की आउटपुट कधीकधी उलट उडी मारून वर जातं. त्या उडीचा आवाज फार कर्कश येतो.
पिन ३ ला बॅटरीच्या मधोमध, म्हणजे ४.५ व्होल्टवर बसव. दोन १०के एकापुढे एक, ९ व्होल्ट ते ग्राउंड. मधल्या जोडावरून ग्राउंडला ४७ मायक्रोफॅरड. त्याच जोडावरून १ मेगचा (दहा लाख ओहम) रेझिस्टर पिन ३ ला. आणि पिकअप व पिन ३ च्या मध्ये २२ नॅनोफॅरड, नाहीतर पिकअपची कॉइल ते ४.५ व्होल्ट ग्राउंडला ओढून घेईल.

बी-१०१ : काका, १ मेग कशाला? मधला जोड थेट पिन ३ ला लावला तर एक पार्ट वाचेल ना?

सी-५०४ : ताई, प्रश्न अगदी बरोबर आहे, सगळं इथेच आहे. सिग्नलच्या दृष्टीने ९ व्होल्टची लाइन आणि ग्राउंड एकच. म्हणजे ते दोन १०के समांतर, पिकअपवर ५के चा भार. वर ४७ मायक्रोफॅरड तिथेच असेल तर सिग्नल सरळ ग्राउंडलाच जाईल. तो काढला तरी भागत नाही. पिकअप म्हणजे बारीक तारेचे हजारो वेढे. मीटरवर ७के दाखवेल, पण इंडक्टन्स (कॉइलचा बदलत्या सिग्नलला होणारा विरोध) २.५ हेन्री धरला तर ३ किलोहर्ट्झला त्याचा अडथळा ४७के होतो. समोर ५के असेल तर त्या वारंवारतेचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो. तारेवर पिक लागताना जो टणत्कार येतो तो मेला, मग पुढे कितीही ट्रेबल वाढवा.
१ मेग असला की पिकअपला भार जाणवत नाही आणि पिन ३ ला ४.५ व्होल्टही मिळतात.

बी-१०१ : माझी मुलगी म्हणते लांब केबलने वाजवलं की आवाज दबतो. ते पण हेच का?

सी-५०४ : जवळचंच, पण ते केबलच्या कपॅसिटन्समुळे. दर मीटर लांबीला साधारण १०० पिकोफॅरड. ६ मीटर झाली की २.५ हेन्रीच्या पिकअपचा रेझोनन्स (जिथे तो सगळ्यात जोरात बोलतो ती वारंवारता) ४ किलोहर्ट्झच्या आसपास येतो आणि त्याच्या वरचं सगळं झपाट्याने कमी होतं. प्रीअँप गिटारजवळ ठेवला तर पुढची केबल बरीच लांब चालेल.

ए-३०२ : काका, तुम्ही सांगितलं तसं केलं. आता आवाजच बंद. पिन ३ वर ४.०९ व्होल्ट, पिन १ वर (आउटपुट) ७.६.

सी-५०४ : पिन ३ चं ४.०९ सोडून दे. मीटर स्वतः १० मेगचा, तो १ मेगमधून करंट ओढतो म्हणून कमी दिसतं. बायस, म्हणजे सिग्नल नसतानाचं व्होल्टेज, नेहमी पिन १ वर मोजायचा.
७.६ मात्र खरा प्रश्न आहे. तुझा १के पिन २ वरून (दुसरं इनपुट) थेट ग्राउंडला आहे ना? मग आयसी ते ४.५ व्होल्टसुद्धा ११ पट करायला बघतो, म्हणजे ४९.५. तेवढे कुठून आणणार? म्हणून वर चिकटून बसलाय. १के च्या मालिकेत १० मायक्रोफॅरड घाल, प्लस पिन २ कडे. डीसीला (स्थिर व्होल्टेजला) गेन १, सिग्नलला ११. खालचा कट (ज्याच्या खालचे सूर कमी होत जातात) १६ हर्ट्झला येतो आणि गिटारची सर्वांत जाड तार ८२ ला, त्यामुळे बास जाणार नाही.

ए-३०२ : पिन १ वर आता ४.५! आवाज एकदम स्वच्छ. खूप खूप आभार काका 🙏

डी-२०३ : माझ्याकडे एनई५५३२ पडून आहेत. नॉइज कमी असतो म्हणतात. ते चालतील का?

सी-५०४ : इथे नको. त्याचा इनपुट करंट साधारण २०० नॅनोअँपिअर, १ मेगमध्ये ०.२ व्होल्ट पडतात. शिवाय पिकअपसारख्या उंच इंपिडन्सवर (सिग्नलला होणारा अडथळा) त्याचा करंट नॉइज ऐकू येतो. टीएल०७२ चा इनपुट करंट पिकोअँपिअरमध्ये असतो. ५५३२ पुढच्या स्टेजला वापरा, तिथे उत्तम.

ए-३०२ : अजून एक. जॅक घालताना मोठा ठप्प असा आवाज येतो.

सी-५०४ : २२ नॅनोफॅरडची बाहेरची बाजू जॅक नसताना लटकत राहते. जॅकपासून ग्राउंडला १० मेग लाव. आणि आयसीचा दुसरा अर्धा भाग रिकामा असेल तर पिन ५ त्या ४.५ च्या जोडाला, पिन ६ आणि ७ एकमेकांना. उघडे ठेवू नकोस.