डीपीतलं सगळंच ऑइल विष नाही, पण भंगारात चाललेल्या जुन्या मशिनींचं काय?

तार_आणि_सूत
परवा इथं एक पोस्ट फिरली: "ट्रान्सफॉर्मरचं ऑइल म्हणजे कॅन्सर. त्यावर ३१ डिसेंबर २०२५ पासून बंदी आहे. आपल्या गल्लीतली डीपी काढून सोयाबीन तेलाची बसवून घ्या." खाली शंभरेक अंगठे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत वीस वर्षं इलेक्ट्रिकलची कामं घेतोय, म्हणून गप्प बसवेना.

बंदी पीसीबीवर आहे. म्हणजे पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, जुन्या लोकांच्या भाषेत अस्कारेल. पेट घेत नाही म्हणून गिरण्या, पोलाद कारखाने, मोठ्या इमारतींच्या तळघरांत ते वापरायचे. भारतात ते कधी बनलं नाही, आलं ते बाहेरून मशिनींबरोबर. असली न विरणारी विषारी रसायनं थांबवायच्या स्टॉकहोम करारावर आपण २००६ साली शिक्कामोर्तब केलं, २०१६ ला केंद्राचा आदेश निघाला आणि वापराची शेवटची तारीख ठरली ३१ डिसेंबर २०२५. गल्लीतल्या डीपीत असतं ते खनिज तेल. ते पिऊ नये, मातीत सांडू नये, पण ते पीसीबी नव्हे.

खरा धोका कुठं आहे ते त्या पोस्टमध्ये नव्हतंच. गिरण्या बंद पडल्यावर लिलावात गेलेले साठ-सत्तर सालचे ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर आजही शेडच्या कोपऱ्यात पडून आहेत. ते न तपासता भंगारात चाललेत. ओरडायचं असेल तर त्यावर ओरडा.

जुना_वायरमन
अर्धं बरोबर, अर्धं उगाच घाबरवणं. ३४ वर्षं लाईनवर काढली. कोपरापर्यंत हात तेलात घालून टॅप बदललेत, कॉटन वेस्टला हात पुसून तिथंच भाकरी खाल्ली. काही झालं नाही. आणि ओळखायला लॅब कशाला? पेल्यात पाणी घ्या, थेंब टाका. तरंगला तर साधं तेल, बुडाला तर अस्कारेल. आमच्या साहेबानं शिकवलं होतं. मी शेकडो डीपींचं पाहिलं, एकही बुडाला नाही. सोलापुरात पीसीबी नाही, विषय संपला.

रसायनवाल्या_बाई
काका, विषय इथंच तर सुरू होतो. अस्कारेल पाण्याच्या दीडपट जड, म्हणून शुद्ध असेल तर बुडेल, हे खरं. पण खनिज तेलात थोडं मिसळलेलं असेल तर? करारातली मर्यादा ५० पीपीएम आहे, किलोमागे ५० मिलिग्रॅम. पाचशे पीपीएमचं तेलसुद्धा तुमच्या पेल्यात मजेत तरंगेल. पीसीबीत क्लोरीन असतो, तो तपासायचा किट मिळतो, आणि पक्कं उत्तर लॅबमधली गॅस क्रोमॅटोग्राफी ही चाचणीच देते.

"मला काही झालं नाही" हेही सोडा. पीसीबी चरबीत साठतं, आईच्या दुधातून बाळात जातं. १९६८ साली जपानमध्ये राईस ब्रॅन तेलात हे मिसळलं, माणसांच्या अंगावर काळे फोड उठले. १९७९ ला तैवानमध्ये तेच. अमेरिकेत बिंगहॅम्प्टनला १९८१ मध्ये एका सरकारी इमारतीच्या तळघरात विजेच्या उपकरणांना आग लागली, त्या आचेनं ट्रान्सफॉर्मर तडकून अस्कारेल गळलं. काजळी अठरा मजले चढली आणि इमारत १९९४ पर्यंत उघडली नाही. स्वतः पेटत नसलं तरी आगीत सापडलं की त्याची फ्युरान नावाची विषं होतात, ती मूळ द्रव्याहून वाईट.

साखरपेठेतला_कारखानदार
बाई, तुमचं जपान-अमेरिका राहू दे. आमची सोळा मागांची शेड. लाईट बिल भरता भरता जीव जातो, चादरीला भाव नाही, सूत महाग. आता टेस्टिंगचा खर्च, मग नवीन तेलाचा खर्च. गेल्या महिन्यात एक एजंट येऊन गेला: "जुनं तेल काढा, आमचं वनस्पती तेल भरा, सर्टिफिकेट देतो." आकडा ऐकून पाणी प्यावं लागलं. प्रत्येक नियमाचा भार छोट्या माणसावरच का?

तार_आणि_सूत
त्या एजंटला दारात उभं करू नका. अस्कारेलचा ट्रान्सफॉर्मर नुसतं काढ-भर करून साफ होत नाही. कागद, लाकूड, वाइंडिंगच्या फटी सगळ्यांनी ते पिलेलं असतं. अस्कारेलात पीसीबी साठ-सत्तर टक्के. शंभर लिटरमागे एक लिटर जुनं आत राहिलं तरी नवं तेल हजारो पीपीएमवर जातं. भरल्या दिवशी सॅम्पल चांगलं येतं, लोडवर तीन महिने चाललं की आतलं झिरपून पुन्हा वर. म्हणून अमेरिकेत ९० दिवस चालवून मग तपासायचा नियम आहे. आणि कपॅसिटर तर सीलबंद, त्यात तेल बदलायचा प्रश्नच नाही. तो अख्खाच हजार अंशांच्या वरच्या भट्टीत जायला हवा.

वनस्पती तेल मात्र वाईट नाही. खनिज तेल दीडशे-पावणेदोनशे अंशांवर पेट धरतं, हे तीनशेच्या वर. ज्या शेडमध्ये छताला कापसाची तुसं लोंबतात, एप्रिलमध्ये बाहेरच ४३ असतं, तिथं हा फरक जिवाचा आहे.

जुना_वायरमन
इथं मी बोलणार. सोयाबीनचं तेल हवेला लागलं की दाट होतं, घरात डब्याच्या तोंडाशी चिकट होतं तसं. त्याला बंद टाकी पाहिजे. आपल्या डीपीचे ब्रीदर बघा, म्हणजे टाकीत जाणारी हवा कोरडी करायच्या बाटल्या. त्यातली निळी सिलिका जेल गुलाबी होऊन वर्षं झाली, काहींना तर बाटलीच नाही. त्यात हे भरणं म्हणजे पैसा मातीत.

तार_आणि_सूत
हे मान्य. उघड्या ब्रीदरच्या डीपीत नकोच.

बोरामणीचा_शेतकरी
तुम्ही तेल कुठलं भरायचं यावर भांडताय, आमच्या डीपीत तेल राहतच नाही. मागच्या रब्बीला ज्वारी हुरड्यात होती. पहाटे मोटार चालू करायला गेलो तर डीपी खाली आडवी. ड्रेनचा व्हॉल्व उघडा, तांबं काढलेलं, बुंध्याची माती काळी आणि चिकट, चपलेला चिखलासारखी लागलेली. वर्गणी काढली, ट्रॅक्टरवर घालून दुरुस्तीला आम्हीच नेली. अकरा दिवस पाणी नाही. आणि खरं बोलायचं तर लाईन कधी बंद असते हे चोराला कसं कळतं? आतल्या माणसाशिवाय हे होत नाही.

जुना_वायरमन
तोंड सांभाळून. माझा जोडीदार पोलवर चिकटून मेला, खाली बायको डबा घेऊन उभी होती. आम्हाला चोर म्हणायचं असेल तर नाव घेऊन म्हणा.

बोरामणीचा_शेतकरी
तुम्हाला म्हटलं नाही काका. पण अकरा दिवस कणीस डोळ्यांदेखत वाळताना बघितलं असतं तर तुम्हीही असंच बोलला असता.

हिप्परग्याची_सून
चोरीचं तेल कुठं जातं ते मला ठाऊक आहे. आमच्या सासऱ्यांच्या देवळीत एक बाटली असायची, मधासारख्या रंगाचं तेल. "डीपीचं हाय, गुडघ्याला लई चांगलं." रोज रात्री चोळायचे, त्याच हातानं नातवाला जवळ घ्यायचे. बाजारात एकानं वीस रुपयांना दिलं होतं. मी बाटली फेकली तर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते कुठल्या मशिनीतलं होतं, कोण सांगणार?

पंढरपूर_रोड
आमच्याकडंही चोळतात. आणि डिझेलमध्ये मिसळतात ते वेगळंच.

बोरामणीचा_शेतकरी
माझ्या आईनंही चोळलंय. आज पहिल्यांदा भीती वाटली.

रसायनवाल्या_बाई
वहिनींनी विचारलं तोच खरा प्रश्न. बहुतेक वेळा ते साधं खनिज तेल असेल, तेही कातडीला चोळायचं नव्हेच. पण दुरुस्तीच्या दुकानात दहा ठिकाणचं तेल एका टाकीत ओततात, गाळतात आणि अकराव्या डीपीत भरतात. त्यात एखादा जुन्या गिरणीतला डबा आला, की त्याच गाळणीतून, त्याच पाइपातून सगळीकडं. जगभर साध्या तेलाच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये पीसीबी सापडला तो बराचसा असाच. काका, तुमचे शेकडो थेंब तरंगले, पण त्यातलं किती तेल दुरुस्तीहून आलेलं होतं?

जुना_वायरमन
बरंच. निम्म्याहून जास्त डीपी दुरुस्त होऊनच यायच्या. बरं, पेल्याचं मी मागं घेतो. पण लाईनमनला हातमोजे न देता चौतीस वर्षं त्यात हात घालायला लावले, त्याबद्दल कुणी बोललं असतं तर बरं वाटलं असतं.

रसायनवाल्या_बाई
ते मी आधी म्हणायला हवं होतं, काका.

साखरपेठेतला_कारखानदार
रात्री शेडवर गेलो होतो. वडिलांनी गिरणीच्या लिलावातून आणलेले दोन कपॅसिटर मागच्या बाजूला आहेत, गंजलेले. पाटीवर रंगाचे थर होते, किल्लीनं खरवडलं. साल १९६६, बाहेरदेशची कंपनी, आणि खाली इंग्रजीत बारीक अक्षरं: आतला द्रव पेट घेत नाही. एकाच्या बुशिंगखाली, म्हणजे तार जोडायच्या चिनी मातीच्या खुंटीखाली, ओल आहे, बोटाला लागली.

तार_आणि_सूत
बोट आधी साबणानं धुवा. खाली पत्र्याचा ट्रे ठेवा, ओल भुशानं टिपा, भुसा बंद डब्यात. गॅस कटर जवळ आणू देऊ नका. प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. उद्या सकाळी किट घेऊन येतो, पैसे नकोत.

साखरपेठेतला_कारखानदार
भंगारवाला उद्या दहाला येणार होता, किलोवर भाव ठरला होता. त्याला फोन करून नको म्हटलं. ट्रे ठेवलाय. कामगारांची पोरं मागं खेळतात, म्हणून दाराला कुलूप लावलं. तुम्ही नऊला या.