गिनी रशियाकडे का वळला

'गिनीने स्वातंत्र्य मिळताच रशियाचा हात धरला, मग फ्रान्सने कशाला मदत करायची?' असं काहीजण म्हणतात. घटनांचा क्रम नेमका उलटा आहे: आधी फ्रान्सने पाठ फिरवली, मग पश्चिम आफ्रिकेतला हा देश रशियाकडे वळला.

सप्टेंबर १९५८च्या सार्वमतात फ्रान्सच्या आफ्रिकी वसाहतींपैकी एकट्या गिनीने फ्रान्सचे नेते द गॉल यांच्या नव्या राज्यघटनेला नकार दिला, तोही ९५ टक्क्यांहून जास्त मतांनी. नकार म्हणजे लगेच स्वातंत्र्य. २ ऑक्टोबरला देश स्वतंत्र झाला आणि बहुतेक फ्रेंच अधिकारी, शिक्षक, डॉक्टर बघता बघता निघून गेले. जाताना कचेऱ्यांतले टेलिफोन उपटून नेले, फायली नेल्या नाहीतर जाळल्या. नवख्या सरकारने कारभार हाकायचा कसा? गिनीचे नेते सेकू तुरे यांनी आधी पॅरिसलाच तारा केल्या होत्या, फ्रँक या फ्रेंच चलनाच्या व्यवस्थेत राहायची तयारीही दाखवली होती. पहिला मोठा हात दिला तो घानाचे नेते एन्क्रुमा यांनी, १ कोटी पौंडांच्या कर्जाचा. १९६०मध्ये गिनीने स्वतःचं चलन काढलं, तेव्हा फ्रेंच गुप्तहेर खात्याने खोट्या नोटा छापून देशात घुसवल्या. ही सरळ सरळ सूडबुद्धी होती.

मात्र पुढचं बोइरो छावणीचं, म्हणजे राजकीय कैद्यांच्या तुरुंगाचं, पाप तुरे यांचंच. आफ्रिकी एकता संघटनेचे पहिले सरचिटणीस दियालो तेली यांना १९७७मध्ये तिथे उपाशी ठेवून मारलं. ते पॅरिसच्या खात्यावर टाकता येणार नाही.