एअर फ्रायरमध्ये स्टेक होतो, हे मला मान्य नाही

बिडाचा तवा (ठाणे पश्चिम)

परवा इथे एका सदस्यांनी लिहिले की, अंडरकटचा (कमरेजवळच्या मऊ मांसाचा) दोन सेंटिमीटर जाडीचा तुकडा मीठ-मिरी लावून एअर फ्रायरमध्ये २०० अंशांवर बारा मिनिटे ठेवावा, मध्ये एकदा उलटावा, म्हणजे हॉटेलच्या तोडीचा स्टेक घरी होतो आणि तवा खुशाल माळ्यावर टाकता येतो. मी दुर्लक्ष करणार होतो. पण त्याखाली ‘आजच करून बघतो’ असे प्रतिसाद येऊ लागल्यावर राहवले नाही.

स्टेकची सगळी मजा वरच्या तपकिरी, खरपूस थरात असते. माय्यार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये वर्णन केलेल्या अभिक्रियेतून तो थर तयार होतो. ही अभिक्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते, आणि मांसाच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तेथील तापमान शंभराच्या फारसे वर जातच नाही. सणसणीत तापलेला बिडाचा तवा ते पाणी बघता बघता उडवतो, कारण तो मांसाला थेट भिडतो. एअर फ्रायरमधली हवा २०० अंशांची असली, तरी हवेकडून मांसाला उष्णता फार सावकाश मिळते. वर रंग येईपर्यंत पातळ तुकडा आतून पार करडा झालेला असतो. त्यातून २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदी लागू झाल्यापासून आपल्या हाती येते ते म्हशीचे मांस, ज्यात चरबीची जाळी जवळजवळ नसतेच. अमेरिकी चित्रफितींमधला चरबीदार तुकडा जे सोसतो, ते आपला अंडरकट सोसत नाही. शिवाय तव्यावर आधी दोन्ही बाजू भाजल्या की रस आत कोंडला जातो, तेही फ्रायरमध्ये साधत नाही.

ऐरोलीची सुगरण

आपण ज्यांच्यावर घसरला आहात ती सदस्य मीच. बारा मिनिटे मी चार सेंटिमीटरच्या तुकड्यासाठी लिहिली होती. दोन सेंटिमीटर हे आपण पदरचे घातले आहे. आदल्या रात्री मीठ लावून तुकडा फ्रिजमध्ये उघडा ठेवावा, सकाळी त्याचा पृष्ठभाग कोरडा ठणठणीत झालेला असतो, असेही मी लिहिले होते. म्हणजे ज्या पाण्यावर आपण एवढे व्याख्यान दिले, ते आधीच गेलेले असते. फ्रायर आधी तापवून घ्यावा आणि मांसात खुपसलेला थर्मामीटर ५२ अंश दाखवू लागला की तुकडा बाहेर काढून झाकून ठेवावा. मुरता मुरता तो आपोआप दोन-तीन अंश चढतो. हे न करता केलेला स्टेक आपल्या तव्यावरही वातडच होईल.

आणि तवा सणसणीत तापवण्याचा सल्ला देणाऱ्यांच्या घरी चिमणी असते. आमच्या वन बीएचकेत ओटा आणि हॉल यांच्यामध्ये भिंत नाही आणि सासूबाईंना दमा आहे. तेल धुरावू लागले की त्यांचा खोकला सुरू होतो. त्यांच्या खोकल्यापुढे मला तो खरपूस थर नको.

घोडबंदरचा रहिवासी

रस आत कोंडला जातो हा समज एकोणिसाव्या शतकात लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञामुळे पसरला आणि तो चुकीचा आहे. भाजलेल्या थरातून पाणी आरपार जाते. तव्यावरचा तो चर्र आवाज त्या बाहेर पडणाऱ्या पाण्याचाच असतो. बाकी मुद्दे बरोबर असतील, हा सोडून द्यावा.

बिडाचा तवा

लीबिग आपल्याला लखलाभ असो; तो मुद्दा मी सोडला. खरपूस थर चवीसाठी हवा असतो, एवढे तरी आपल्याला मान्य असावे. आणि ताई, आपल्या मूळ लेखनात चार सेंटिमीटर असेल तर असेल; मला मात्र ‘बोटभर जाड’ एवढेच आठवते, आणि बोट कोणाचे ते तेथे दिलेले नव्हते.

नौपाड्याची भाडेकरू

धुराचा विषय निघालाच आहे, तर वासाबद्दलही बोलू या, कारण एअर फ्रायरच्या प्रेमात पडणाऱ्या निम्म्या लोकांचे खरे कारण तेच असते आणि ते कोणी उघड लिहीत नाही. घर पाहायला गेल्यावर ‘नॉनव्हेज खाता का’ हा प्रश्न भाड्याच्याही आधी येतो. सध्याच्या इमारतीत मी सुके बोंबील भाजले, तेव्हा पंधरा मिनिटांत सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘कोणाकडे तरी काहीतरी जळते आहे’ असा निरोप आला आणि त्याखाली नाक दाबलेल्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यानंतर मी एअर फ्रायर घेतला. स्टेकचा थर कसा येतो याच्याशी मला कर्तव्य नाही. दार वाजले नाही की मी जिंकले.

घोडबंदरचा रहिवासी

क्षमा करा, पण वास येत नाही हा भ्रम आहे. एअर फ्रायरच्या मागच्या बाजूला झरोका असतो आणि गरम हवा तेथूनच खोलीत येते. तळणीचा धूर कमी होतो, हे खरे. मांसाचा वास मात्र पंखा तितक्याच उत्साहाने बाहेर ढकलतो. यंत्र खिडकीकडे पाठ करून ठेवा, खालच्या भांड्यात दोन चमचे पाणी घाला म्हणजे ठिबकणारी चरबी जळत नाही. पण शेजाऱ्यांना फसवण्याचे यंत्र म्हणून ते घेतले असेल, तर पैसे वाया गेले.

नौपाड्याची भाडेकरू

फसवणे हा शब्द आपण मागे घ्यावा. स्वतःच्या स्वयंपाकघरात स्वतःच्या पैशांनी आणलेले मांस शिजवणे ही फसवणूक कधीपासून झाली? स्वतःच्या मालकीच्या घरात बसून असे शेरे मारणे सोपे असते. समोरच्या घरातल्या हिंगाच्या फोडणीने माझ्या डोळ्यांतून पाणी येते, मी कधी गटावर लिहिले आहे का?

घोडबंदरचा रहिवासी

शब्द मागे घेतो. झरोका मात्र मागच्याच बाजूला राहणार, त्याला माझा इलाज नाही.

कोळीवाड्याचा जावई

हिंग, बोंबील आणि भाडे यांवर वीस प्रतिसाद व्हायच्या आत एक गोष्ट सांगतो. आमच्या सासुरवाडीस मेहुण्याने हौसेने सुरमईच्या तुकड्या रव्यात घोळवून एअर फ्रायरमध्ये ठेवल्या. मासा आत उत्तम शिजला होता, पण रव्याला तेल न मिळाल्याने त्याचे पांढरे ठिपके जसेच्या तसे राहिले आणि खाताना दाताखाली करकरत होते. सासूबाईंनी एक तुकडी उचलून उजेडात धरली, परत ठेवली आणि न बोलता तवा चढवला. विज्ञान काय म्हणते ते मला ठाऊक नाही. त्या घरात यंत्र पुन्हा बाहेर आले नाही.

ऐरोलीची सुगरण

रव्याला ब्रशने तेल लावले असते तर ठिपके राहिले नसते. दोष यंत्राचा नव्हे, मेहुण्याचा आहे.

नेरूळचा वायरमन

स्वयंपाकातले मला कळत नाही. फ्रायर पंधराशे वॉटचा असेल तर २३० व्होल्टवर तो साडेसहा अँपिअर ओढतो, आणि जुन्या घरांत ओट्यावर असतो तो सहा अँपिअरचा पॉइंट. काळवंडलेले सॉकेट बदलायला मला बोलावले जाते, तेव्हा शेजारी फ्रायर असतोच. सोळा अँपिअरच्या पॉइंटवर लावावा.

बिडाचा तवा

वायरमनसाहेबांनी या धाग्यावरचे पहिले उपयोगाचे वाक्य लिहिले.

आता मूळ मुद्दा. ताईंच्या ५२ अंशांबद्दल मला चिंता वाटते. अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस अखंड तुकड्यासाठी ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटे विसावा, अशी आहे. त्याखाली जायचे असेल तर जोखीम समजून जावे. अखंड तुकड्यावर जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात, म्हणून तो भाग नीट भाजणे महत्त्वाचे. पण आपल्याकडे मांस मऊ व्हावे म्हणून पपई लावून काट्याने भोसकण्याची पद्धत आहे, आणि भोसकले की वरचे आत गेले. तसा तुकडा आतून लालसर ठेवू नये, मग तो तव्यावर करा नाहीतर फ्रायरमध्ये. दुसरे, सकाळी कापलेले मांस दुपारीच शिजवले तर ते ताठरच लागणार. एक-दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवल्याने जो फरक पडतो, तो यंत्र बदलल्याने पडत नाही.

ऐरोलीची सुगरण

मी काटा लावत नाही आणि पपईही लावत नाही. पण हा मुद्दा आपण तव्याची आरती न ओवाळता मांडला, याची नोंद घेते.

आपल्या समाधानासाठी एक मधला मार्ग सांगते. जाड तुकडा फ्रायरमध्ये १२० अंशांवर ठेवावा, आत ४८-५० अंश झाले की बाहेर काढून टिपून कोरडा करावा आणि मग कडकडीत तव्यावर प्रत्येक बाजू एक मिनिटभर धरावी. आत सगळीकडे सारखा रंग राहतो, वर आपला थर येतो आणि धूर दोनच मिनिटे होतो.

बिडाचा तवा

म्हणजे शेवटी तवा लागलाच.

ऐरोलीची सुगरण

दोन मिनिटे लागला. तेवढ्यात सासूबाईंना गॅलरीत नेऊन बसवते. आपण मात्र रविवारी चार सेंटिमीटरचा तुकडा नुसत्या तव्यावर करून, तो मधोमध कापून, त्याचा फोटो इथे लावावा. कडेला किती करडा पट्टा आला आहे ते सर्वांना पाहू दे.

नौपाड्याची भाडेकरू

फोटो लावताना खिडकी उघडी होती की बंद, तेही लिहावे.