अग्वायो टाम्पात बिघडला की कॉलेजातच तसा होता?

टाम्पाचा_पोपट
फ्लोरिडातल्या टाम्पात राहून आता पंधरा वर्षं होतील. इथे बकनिअर्सच्या (आमचा एनएफएलमधला, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल लीगमधला संघ) चाहत्याला डिवचायचं असेल तर ‘अग्वायो’ एवढा एक शब्द पुरतो. काल ऑफिसात जेवताना पुन्हा तोच वाद झाला, समोरच्याला माझं काही पटलं नाही, म्हणून इथे धागा काढतोय.

अमेरिकन फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी: संघात एक गडी फक्त किक मारायला ठेवलेला असतो. टचडाउन झालं (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेला) की एका गुणाची किक, म्हणजे एक्स्ट्रा पॉइंट; गाडी मध्येच अडली की तीन गुणांची, म्हणजे फील्ड गोल. बाकी वेळ तो कडेला उभा राहून जाळीत चेंडू मारत बसतो. रॉबर्टो अग्वायो हा फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा किकर. 2013च्या पहिल्याच मोसमात 22 पैकी 21 फील्ड गोल, 94 पैकी 94 एक्स्ट्रा पॉइंट, आणि कॉलेजातल्या सर्वोत्तम किकरला मिळणारा लू ग्रोझा पुरस्कार. तीन मोसमांत एक्स्ट्रा पॉइंट 198 पैकी 198. कॉलेजचा एक मोसम शिल्लक असतानाच ड्राफ्टला (एनएफएलचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) उतरला. 2016 मध्ये आमच्या शहाण्यांनी कॅन्सस सिटीच्या संघाला आपल्या दोन निवडी देऊन वरचा नंबर मिळवला आणि दुसऱ्या राउंडमध्ये, 59वा म्हणून, त्याला उचललं. किकरला! पहिल्या वर्षी फील्ड गोल 31 पैकी 22. ऑगस्ट 2017 मध्ये सिनसिनाटीतल्या प्रीसीझन (मोसमाआधीच्या सराव) सामन्यात एक एक्स्ट्रा पॉइंट नि एक फील्ड गोल हुकला, आणि दुसऱ्या दिवशी नारळ. संघावर मालिका करणाऱ्या एचबीओ वाहिनीचे कॅमेरे चालूच होते.

लोक म्हणतात पोरगं दडपणाखाली मोडलं. मला ते मान्य नाही. कॉलेजात 40 यार्डांच्या आत त्याने 49 पैकी 49 मारले, एकूण 78 पैकी 69. वजाबाकी करा. लांबच्या 29 पैकी 20, म्हणजे एकोणसत्तर टक्के. टाम्पात एकाहत्तर. जो होता तोच आला. आकडे समोर होते, वाचले कुणी नाहीत.

चौथा_डाउन
पोपटराव, गणितात घोळ आहे. एकोणसत्तर टक्के फक्त लांबच्या किकांचे, एकाहत्तर टक्के जवळच्या-लांबच्या सगळ्या मिळून. कॉलेजात सगळ्या मिळून अठ्ठ्याऐंशी टक्के होते. अठ्ठ्याऐंशीवरून एकाहत्तर ही घसरण नाही तर काय आहे?

आणि दडपणाचं म्हणाल तर 6 जानेवारी 2014, पॅसाडिना, कॉलेजांच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामना, फ्लोरिडा स्टेट विरुद्ध ऑबर्न. 13 सेकंद उरलेत, टचडाउनमुळे 33-31. ती एका गुणाची किक चुकली असती तर ऑबर्नला जिंकायला नुसता फील्ड गोल पुरला असता. याने मारली. 34-31. ज्याचे पाय तिथे लटपटले नाहीत, तो प्रीसीझनला का लटपटावा?

टाम्पाचा_पोपट
घोळ कबूल. जेवणाच्या वादात हेच ठोकून दिलं होतं, समोरच्याच्या लक्षात आलं नाही :)

पण त्याच मोसमाकडे बघा. फ्लोरिडा स्टेटने 723 गुण केले, तेव्हाचा विक्रम. अग्वायोचे 157, त्यातले 94 एकेका गुणाचे. गाडी अडतच नव्हती हो! याला लांबून मारायची वेळ किती आली? आणि कॉलेजात एक्स्ट्रा पॉइंट म्हणजे 20 यार्डांची किक. एनएफएलने 2015 पासून ती 33 यार्डांवर नेली. 198 पैकी 198 हा आकडा दुसऱ्याच परीक्षेचा आहे.

हॅशमार्क
अर्धवट बरोबर. एनएफएलमध्ये मैदानावरच्या दोन हॅश रेषांमधलं (चेंडू नेहमी यांच्या दरम्यान ठेवतात) अंतर गोलपोस्टच्या रुंदीएवढंच असतं, साडेअठरा फूट. कॉलेजात ते 40 फूट. म्हणजे चेंडू रेषेवर ठेवला असेल तर कॉलेजच्या पोराला तिरकं मारावं लागतं, आणि जितकं जवळ तितका कोन वाईट. आम्ही पोरं शनिवारी रिकाम्या मैदानावर मारून बघायचो. 25 यार्डांवरून हॅश रेषेवर उभं राहिलं की दोन खांब तिरके दिसतात. सवा-दीड सेकंदात चेंडू मागे येणार, होल्डर तो जमिनीला टेकवून शिवण पुढे फिरवणार, तुमचं पाऊल तोवर निघालेलं. 49 पैकी 49 ला सोपं म्हणू नका.

वऱ्हाडी_मिरची
मले या खेळातलं ओ का ठो कळत नाही, पण धागा वाचून चेतन शर्मा आठवला. शारजा 1986, शेवटचा चेंडू, मियाँदादचा षटकार. त्याच माणसाने पुढच्याच वर्षी आमच्या नागपुरात वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक घेतली, तिन्ही क्लीन बोल्ड. विचारा कोणाले, शारजाच सांगतीन.

चौथा_डाउन
मिरचीताई, अगदी. 30 नोव्हेंबर 2013 ला अलाबामा विद्यापीठाचा किकर केड फॉस्टर याचे ऑबर्नविरुद्ध तीन फील्ड गोल वाया गेले. शेवटची लांबची किक दुसऱ्याच किकरने मारली, ती कमी पडली, आणि ऑबर्नच्या खेळाडूने चेंडू झेलून अख्खं मैदान पार केलं. शिव्या आणि जिवे मारायच्या धमक्या मात्र फॉस्टरलाच. माजी अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्याला स्वहस्ते चिठ्ठी पाठवली; फॉस्टरच्या जर्सीचा नंबर 43, आणि बुश 43वे अध्यक्ष. एका पैशाचीही कमाई नसलेला कॉलेजचा पोरगा हो तो.

टॅलाहासीची_सून
सासरचे सगळे फ्लोरिडा स्टेटवाले, त्यामुळे हा धागा माझा. पोपटदादा, तुम्ही टाम्पातून बोलताय, आमच्याकडे किकला इतिहास आहे. 1991 ला मायामीविरुद्ध शेवटी 34 यार्डांची किक उजवीकडून बाहेर, एका गुणाने हार. पुढच्या वर्षी पुन्हा उजवीकडून. 2000 ला पुन्हा उजवीकडून. 2002 ला बदल म्हणून डावीकडून. सासरे अजून मायामीच्या सामन्यात किकच्या वेळी स्वयंपाकघरात जाऊन उभे राहतात. अशा घरात जो मुलगा तीन वर्षं 40 यार्डांच्या आत एकदाही चुकला नाही, त्याची किंमत तुम्हाला नाही कळायची.

आणि किकरला वरच्या राउंडमध्ये घेऊ नये हा नियम कुणी केला? सेबॅस्टियन जानिकोव्स्की, आमचाच, तोही एक मोसम शिल्लक ठेवून गेला. 2000 मध्ये एनएफएलच्या रेडर्स संघाने पहिल्या राउंडमध्ये 17वा घेतला. 2017 पर्यंत तिथेच होता, डेन्व्हरला 63 यार्डांची मारली. निवड चुकली नव्हती, टाम्पाला धीर नव्हता.

टाम्पाचा_पोपट
वहिनी, एका जानिकोव्स्कीवर किती वर्षं जगणार? किकर ॲडम व्हिनाटिएरीला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही, ॲमस्टरडॅमला जाऊन खेळला, शेवटी एनएफएलमध्ये सर्वांत जास्त गुण त्याचेच. तुमचाच ग्रोझावाला गॅनो, तोही ड्राफ्टबाहेरचा, किती वर्षं टिकला बघा. किकर फुकट मिळतात. दोन निवडी कशाला जाळायच्या?

कोडपाटील
फुकटचं उदाहरण माझ्याकडून घ्या. डॅलस काऊबॉईज संघाचा किकर ब्रँडन ऑब्री. नोत्र दाम विद्यापीठात सॉकर खेळला, सॉकरमध्ये पुढे काही जमलं नाही, मग सॉफ्टवेअर इंजिनिअर. टीव्हीवर किक बघताना बायको म्हणाली, हे तुला जमेल. कॉलेज फुटबॉल एक दिवस नाही. 2023 ला अठ्ठाविसाव्या वर्षी एनएफएलमध्ये, आणि पहिले 35 फील्ड गोल सलग. (मीही बायकोला विचारलं. ती म्हणाली आधी गॅलरीतला बल्ब बदल.)

नीरक्षीर
सगळे संघाच्या बाजूने बोलताय. मुलाच्या बाजूने बघा. फ्लोरिडातल्या मॅस्कॉट नावाच्या छोट्या गावातला, मेक्सिकोतून आलेल्या आईबापांचा मुलगा. 2015 मध्ये कॉलेजच्या खेळाडूला स्वतःच्या नावावर एक डॉलर कमवायची परवानगी नव्हती, ती आली जुलै 2021 मध्ये. स्टेडियम भरायचं याच्या संघाने, पैसे विद्यापीठाला. उजवा पाय हीच इस्टेट असेल तर ती विकायला एक वर्ष थांबायचं कशासाठी? त्या शेवटच्या मोसमात तसेही 26 पैकी 21 झाले होते. आणखी थांबला असता तर भाव उतरलाच असता.

टाम्पाचा_पोपट
हे पटलं. त्याने बरोबर केलं. चूक घेणाऱ्यांची, हे मी पहिल्यापासून म्हणतोय.

चौथा_डाउन
पहिल्यापासून तुम्ही म्हणत होतात की तो बिघडलाच नाही.

हॅशमार्क
त्या शेवटच्या मोसमाचं निघालंच आहे तर, 24 ऑक्टोबर 2015 ला मी अटलांटात जॉर्जिया टेकच्या मैदानावर होतो. 16-16, घड्याळ संपत आलेलं, अग्वायो 56 यार्डांवरून. आम्ही ओव्हरटाइम धरून पार्किंगचे पैसे वाढवायचे का यावर भांडत होतो. किक अडवली गेली, चेंडू मागे घरंगळला, टेकच्या पोराने उचलला आणि सरळ टचडाउन. 22-16. पार्किंगचा प्रश्न मिटला. ती किक 40च्या पलीकडच्या हुकलेल्या नवांत मोजली जाते, पोपटराव. त्यात त्याचा पाय किती नि प्रशिक्षकाची हाव किती, तुम्हीच सांगा.

टॅलाहासीची_सून
अवांतर: तो टाम्पाला गेला त्याच वर्षी आमच्याकडे किकर म्हणून आला त्याचा धाकटा भाऊ, रिकी. ऑर्लँडोत ओल मिसविरुद्ध (मिसिसिपी विद्यापीठ) पहिल्याच सामन्यात सहा फील्ड गोल. सासरे शेवटपर्यंत स्वयंपाकघरातच होते.

टाम्पाचा_पोपट
आणि त्याला ड्राफ्टमध्ये कुठल्या राउंडमध्ये घेतलं, वहिनी?

टॅलाहासीची_सून
कुठल्याच नाही.